शुद्ध निषाद आणि जाड कुंचला

'मार्मिक' साप्ताहिकात चित्रपटांची परीक्षणं यायची, त्यांच्याखाली 'शुद्ध निषाद' हे नाव असायचं. त्या नावामागे होते श्रीकांत ठाकरे. बाळासाहेबांचे धाकटे भाऊ, त्यांच्या जोडीने १९६० साली 'मार्मिक' काढणारे, व्यंगचित्रकार, व्हायोलिनवादक आणि महंमद रफींकडून मराठीत गाऊन घेणारे संगीतकार. एवढ्या गोष्टी एकाच माणसाच्या नावावर जमल्या की आपण त्याला 'अष्टपैलू' म्हणतो आणि पुढे जातो. माझ्या सासुरवाडीत मात्र या माणसावरून पावसाळ्यातली एक अख्खी दुपार भांडणात गेली.

भांडणारे दोघे. एक माझी बायको. ती ठाण्याला व्हायोलिन शिकवते. दुसरे तिचे मामा. रेवदंड्याच्या बाजूला त्यांची वाडी आहे. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, आणि आता जूनजुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा, थेरोंड्याकडच्या होड्यांवर नावं रंगवून देतात. नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्या होड्या रंगून तयार हव्यात, म्हणून त्यांना या दोन महिन्यांत मरायला फुरसत नसते. भांडायला मात्र असते. बायकोला तिच्या संगीतवर्गाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायचा होता. तिने पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, 'ज्याचा हात गजावर तयार झाला, त्याची रेघही सुरात असते', आणि मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मला ना चित्र येत ना ताल कळत, त्यामुळे टिपून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मधे मधे मी तोंड घातलं आहे, तेवढं जावयाचा हक्क म्हणून सोडून द्यावं.

मामा : खोड ते वाक्य.

भाची : अरे मामा, दुसरं वाक्य तरी ऐक!

मामा : पहिल्यातच एवढी गफलत, तर दुसरं कशाला ऐकू? रेघ सुरात असते म्हणजे काय असते गो? मला एक बेसूर रेघ काढून दाखव. वर्गातल्या पोरांच्या रेघा मी आयुष्यभर बघितल्यात. थरथरणाऱ्या बघितल्या, तुटलेल्या बघितल्या, भीतीने दहादा गिरवलेल्या बघितल्या. बेसूर एक नाही बघितली.

भाची : दहादा गिरवलेली आणि एका दमात ओढलेली यातला फरक तुला कळतो ना? मी तेच म्हणतेय. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की स्वर उतरला. गज तारेवर टेकतो त्याच क्षणी काय ते ठरतं. नंतर सावरायला गेलास तरी समोरच्याने ऐकलेलं असतं. लहानपणापासून ज्याला ही सवय लागली, तो कागदावर चाचरत रेघ ओढेल का?

मामा : शाईसुद्धा खोडता येत नाही. शाईने काम करणाऱ्या प्रत्येकाला हीच सवय लागते, त्यासाठी व्हायोलिन कशाला? काल मी 'एकवीरा प्रसन्न' लिहिलं. फळी गोल, वरून झड येणार म्हणून घाई, तेलरंग ओघळतोय, आणि मालक मागे उभा. तिथे 'प्र' चुकला तर काय करशील? खांद्यातून एकदा हात फिरवायचा, बस.

भाची : गजसुद्धा खांद्यातूनच फिरतो. खांदा, कोपर, मनगट, तिन्ही. आणि दाब! एकाच ओढीत स्वर बारीक सुरू करायचा, फुगवायचा, पुन्हा बारीक करून सोडायचा. ठाकऱ्यांच्या घरातली ती कुंचल्याची रेघ बघ, बारीक, मग एकदम जाड, मग निमुळती.

मामा : खांदा, कोपर, मनगट सुताराच्या करवतीलाही लागतं. मग आपल्या आळीतले सगळे सुतार व्यंगचित्रकार व्हायला हवे होते. आणि ती जाड-बारीक रेघ कुठून आली ते मी सांगतो तुला. ती छापखान्यातून आली. त्या काळी साप्ताहिकं खिळे जुळवून छापायचे. चित्राचा जस्ताचा ब्लॉक व्हायचा. लाइन ब्लॉकला काळं कळतं आणि पांढरं कळतं, मधला करडा रंग कळत नाही. करडा हवा तर जाळीचा ब्लॉक करायचा, तो महाग, आणि स्वस्त कागदावर त्याचा होतो चिखल. वर्तमानपत्री कागद शाई पितो. फार बारीक रेघ काढलीस तर छापताना तुटते, रेघा जवळ जवळ काढल्यास तर एकमेकींत मिसळतात. म्हणून सावली दाखवायची तर रेघच जाड करायची. सगळ्या मोठ्या व्यंगचित्रकारांनी केलं ते. तुझ्या त्या फुगलेल्या स्वराचा बाप जस्ताचा पत्रा आहे.

(इथे मामांनी पहिला डाव जिंकला असं माझं मत. बायकोने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण पुढचा चहा मला शेवटी मिळाला.)

भाची : बरं, दाबाचं सोडते. पण नावाचं काय? परीक्षण लिहायला बसलेला माणूस स्वतःला 'शुद्ध निषाद' म्हणवून घेतो. निषाद म्हणजे वरच्या षड्जाला टेकलेला स्वर. तो वाजला की कान पुढच्या 'सा'ची वाट बघायला लागतात. गाणारा त्यावर मुद्दाम थांबला तर श्रोता अक्षरशः अवघडतो. विनोदाचंही तसंच…

मामा : थांब थांब. टोपणनावावरून सिद्धान्त मांडू नकोस. ते नाव परीक्षणांसाठी घेतलेलं आहे. गाण्यातल्या माणसाने गाण्यातलं नाव घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. उद्या मी 'कोळंबी' नावाने लेख लिहिला म्हणून मी पाण्यात राहतो असं ठरत नाही. आणि खरा प्रश्न तू टाळतेयस.

भाची : कुठला?

मामा : एकाच घरात आयता प्रयोग होऊन गेलाय, तो तू बघत नाहीस. बाप तोच. प्रबोधनकार, आपल्या पनवेलचे, १८८५ सालचा जन्म. तेव्हा हा सगळा कुलाबा जिल्हा. घर तेच, दादरचं. साप्ताहिकही एकच. १३ ऑगस्ट १९६० ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते निघालं, 'मार्मिक' हे नाव प्रबोधनकारांनी सुचवलं. दोन भाऊ, दोघेही चित्रं काढणारे. एकाच्या अंगात संगीत, दुसरा निव्वळ कुंचल्याचा. आता सांग, मोठा व्यंगचित्रकार कोण ठरला?

भाची : बाळासाहेब.

मामा : झालं तर! संगीताने व्यंगचित्र घडत असतं तर नेमकं उलटं व्हायला हवं होतं. श्रीकांतजींची गाणी आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्यांचं व्यंगचित्र आठवून सांगणारा एक माणूस मला दाखव.

भाची : प्रसिद्ध कोण झालं यावरून काय घडलं ते कसं ठरवणार? थोरले बंधू आधीपासून 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये होते, आर. के. लक्ष्मण शेजारी बसायचे. रोजचं काम, रोजची मुदत. त्यातून हात तयार झाला. पुढे १९६६ ला शिवसेना काढली आणि सगळं लक्षच त्यांच्याकडे गेलं. धाकट्याने आपला वेळ चालींना दिला.

मामा : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. रोज काढल्याने हात तयार होतो. गाण्याला दिलेला वेळ चित्रातून वजा होतो, त्यात भर घालत नाही. आणि पुढची पिढी बघ. श्रीकांतजींचे चिरंजीव राज. नाव ठेवलं स्वरराज. लहानपणी तबला, गिटार, व्हायोलिन, सगळं शिकवलं. राजकारण बाजूला ठेव, मी रेघेपुरतं बोलतोय. त्यांचं व्यंगचित्र समोर धर. रेघ कुणाची आहे? वडिलांच्या व्हायोलिनची की काकांच्या कुंचल्याची?

भाची : काकांची.

मामा : आणि काकांवर डेव्हिड लो या विलायती व्यंगचित्रकाराचा आणि आपल्या दीनानाथ दलालांचा प्रभाव. चित्र चित्रातून येतं, बाय. चित्र बघून बघून चित्र येतं.

हे बिनतोड होतं. बायको थोडा वेळ गप्प बसली. तिने कागदावरचं पहिलं वाक्य खरोखरच खोडलं, मी बघितलं. पण ती हरलेली नव्हती. तिने रेघेचा प्रांत मामांना देऊन टाकला आणि दुसरीकडून शिरली. आणि तिथून पुढे तिचं म्हणणं मला जास्त पटायला लागलं.

भाची : चल, रेघ तुझी. रेघ चित्रातून येते, मान्य. पण अर्कचित्र नुसत्या रेघेने होत नाही ना? तू माझ्या आजोबांचं काढायचास, तेव्हा किती रेघा लागायच्या?

मामा : कान, चष्मा आणि तो खालचा ओठ. संपलं.

भाची : आम्ही त्याला पकड म्हणतो. राग ओळखायला सगळा आरोह-अवरोह लागत नाही. चार स्वरांची एक ठरावीक वळणाची जागा घेतली की मागच्या रांगेतला माणूस मान डोलावतो, अरे, हा अमुक राग! त्या चार स्वरांत काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं हे शिकायला वर्षं जातात. आणि एकदा पकड दाखवली की संपत नाही. तोच राग दर वेळी नव्याने मांडायचा असतो. साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार दुसरं काय करतो? तोच पुढारी, तीच टोपी, तेच नाक, आणि दर आठवड्याला नवं चित्र. चेहरा ओळखू यायला हवा आणि शिळाही वाटता कामा नये. हा रियाज ज्याने आधी स्वरांवर केलाय, त्याला काय सोडायचं हे लवकर कळत असेल, एवढंच माझं म्हणणं.

मामा : हे जरा बरं बोललीस. पण लोला कुठल्या बुवांनी पकड शिकवली होती?

भाची : नसेल शिकवली. विहिरीवर दोन बाजूंनी पायऱ्या असल्या तर एकीकडून उतरलेला माणूस दुसरी बाजू खोटी ठरवत नाही. संगीताशिवाय व्यंगचित्र होतच नाही असं मी कधी म्हटलं? संगीत शिकलेला चित्राकडे येतो तेव्हा सोबत काय घेऊन येतो, हे मी विचारतेय.

मामा : आणि मी विचारतोय, घेऊन आलेलं ते दिसतं कुठे? राग वेळात उलगडतो. अर्धा तास, तास. व्यंगचित्र एका नजरेत संपतं. त्यात वेळच नाही, तर तुझं संगीत राहणार कुठे?

भाची : एका नजरेत? तूच मुलांना शिकवायचास ना, डोळा आधी सर्वांत काळ्या जागेवर जातो, मग तिथून रेघ धरून फिरतो? मग चित्रात आधी आणि नंतर आलंच. हसू कधी येतं? डोळा आधी पुढाऱ्यावर जातो, मग त्याच्या हातातल्या कागदावर, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या, कुणाचं लक्ष नसलेल्या माणसावर. तिथे पोचला की हसू. तो कोपऱ्यातला माणूस जरा जास्त काळा झाला, डोळा आधी तिकडे गेला, की विनोद मेला. सगळं जागच्या जागी, फक्त क्रम चुकला. गाण्यात आम्ही रोज हेच करतो. सम कुठे आहे हे श्रोत्याला ठाऊक असतं, तिथवर त्याला कुठल्या वाटेने न्यायचं हे गाणाऱ्याने ठरवायचं.

(मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला जुना ड्रॉइंगबोर्ड उगाच सरळ केला. चित्रकला शिक्षकाला त्याचंच वाक्य परत ऐकवलं की तो असाच हलतो.)

मामा : बरं. एका चौकटीत क्रम असतो, मानलं. मग तुझी बाजू खरी कुठे भक्कम होईल सांगू? चित्रमालिकेत. चार चौकटी एका ओळीत. तिथे वेळ उघड उघड आहे. 'सकाळ'मधला 'चिंटू' घे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, १९९१ पासूनचा. पहिल्या चौकटीत पोरगं काहीतरी बोलतं, दुसरीत आईबाप काहीतरी बोलतात, मधे कधी एक चौकट मुकाट असते, मग शेवटची. ती मुकाट चौकट काढून टाक, विनोद पडतो.

भाची : ती चौकट म्हणजे आमची मोकळी मात्रा. अरे, तू माझंच बोलतोयस!

मामा : बोलतोय, पण तुला पुढचं आवडणार नाही. तबल्यात तिहाई असते ना? एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. विनोदातही तीनदा म्हणतात. पण तिहाईत तिसरा तुकडा पहिल्या दोघांसारखाच असतो, म्हणून मजा. विनोदात तिसरा वेगळा निघतो, म्हणून मजा. दोन्ही उलट्या गोष्टी आहेत. सरसकट सारख्या म्हणू नकोस.

भाची : तबलजी समेलाही फसवतात, मामा. सगळ्यांना वाटतं आता सम आली, आणि हा मात्राभर आधीच येऊन पोचलेला असतो, नाहीतर मुद्दाम मागे राहतो. अनागत आणि अतीत म्हणतात त्याला. रसिक हसतात तिथे, खरंच हसतात! गाण्याच्या बैठकीत मोठ्याने हसण्याची ती हक्काची जागा आहे.

मामा : त्यांच्यासमोर ठेका चालू असतो म्हणून फसवणूक कळते. कागदावर ठेका कोण धरतो? डिस्नेच्या त्या १९२८ च्या 'स्टीमबोट विली'त विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम लावून हालचालींचा वेळ बसवला, ते मला पटतं. सिनेमाला घड्याळ असतं. पण छापील चित्रमालिकेत लय वाचणाऱ्याच्या हातात. कुणी चहा पिता पिता वाचतो, कुणी लोकलमध्ये लटकून. शेवटची चौकट आधी बघणारे महाभाग आमच्या शाळेत कितीतरी होते. तू कितीही बांधून लिही, वाचणारा तुझ्या तालात बसलेला नाही.

भाची : हे मात्र खरं आहे.

मामा : शेवटी!

भाची : खरं आहे, पण अर्धं. अरुंद चौकट भरभर वाचली जाते, रुंद चौकटीत डोळा रेंगाळतो. शब्द जास्त घातले की वाचणारा थांबतो. ठेका नाही, पण चढउतार चित्रकाराच्या हातात राहतात. भैरवीआधीच्या आलापाला तरी ठेका कुठे असतो? लय असतेच.

इथे मी तोंड घातलं. म्हटलं, तुम्ही दोघंही ठाकऱ्यांच्या घराभोवती फिरताय; व्हायोलिन शिकलेला आणि खरोखर चित्रमालिका काढणारा कुणी जगात झाला असेल तर तो बघा. दोघांनी एकदम एकच नाव घेतलं, आणि दोघांना दुसऱ्याने ते घेतल्याचं आश्चर्य वाटलं. लायोनेल फायनिंगर. मामांना तो बाउहाउस या जर्मन कलाशाळेमुळे ठाऊक. १९१९ साली त्या संस्थेच्या जाहीरनाम्यावर छापलेलं कॅथेड्रलचं लाकडी ठशाचं चित्र त्यांच्या पुस्तकात आहे. बायकोला तो त्याच्या फ्यूग या संगीतरचनांमुळे ठाऊक. मधला चित्रमालिकांचा तुकडा दोघांनी ऐकीव धरलेला. एकाच माणसाचे दोन तुकडे दोन घरांत पडून होते म्हणायचं.

भाची : आईबाप दोघेही संगीतातले, वडील व्हायोलिनवादक. जन्म न्यूयॉर्कचा, १८७१. सोळाव्या वर्षी त्याला जर्मनीला पाठवलं ते संगीत शिकायला. तिथे पोचून तो चित्रं काढायला लागला! मग १९०६ ला 'शिकागो ट्रिब्यून'साठी दोन रंगीत मालिका काढल्या, 'किन-डर-किड्स' आणि 'वी विली विंकीज वर्ल्ड'. त्या दुसरीत ढगांना, घरांना, झाडांना चेहरे आहेत.

मामा : आणि दोन्ही वर्षभरसुद्धा चालल्या नाहीत. मग तो रंगचित्रांकडे गेला. संगीत येणाऱ्या माणसाला चित्रमालिकेत करमलं नाही, असाही अर्थ निघतो.

भाची : किंवा असा, की मालिकेत जे हवं होतं ते त्याला दुसरीकडे जास्त मिळालं. रंगचित्रं बघ त्याची. एक छत, त्याच्यावर तेच छत सरकून, त्याच्यावर पुन्हा, पारदर्शक. १९२१ पासून तो चक्क फ्यूग लिहायला लागला. फ्यूगमध्ये हेच असतं. एक सुरावट येते, ती संपता संपता दुसरा आवाज तीच सुरावट वेगळ्या पट्टीत घेऊन येतो, मग तिसरा. तू म्हणतोस ना, चित्र चित्रातून येतं? ही इमारतींची चित्रं बाखच्या संगीतातून आलीत. तो आयुष्यभर बाख वाजवत होता.

मामा : आता मी हरकत घेणार नाही. का सांगू? कारण इथे तू रेघ सुरात आहे असं म्हटलं नाहीस. रचना कशी केलीय ते दाखवलंस. हे मला डोळ्यांनी तपासता येतं. छतावर छत सरकलेलं दिसतं, कुणी वाजवणारा असो नसो.

भाची : मग जेरार्ड हॉफनुंगही घे की. लंडनचा व्यंगचित्रकार, ट्यूबा वाजवायचा. वादक आणि वाद्य एकमेकांत विरघळून जातात अशी चित्रं. १९५६ ला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये संगीताचा विनोदी जलसा केला, त्यात माल्कम अर्नल्डने व्हॅक्यूम क्लीनर आणि बंदुकांसाठी ओव्हर्चर लिहिलं होतं.

मामा : गमतीशीर माणूस असणार. पण त्याचा विषय संगीत होता. विषय संगीत असणं वेगळं आणि हाताला संगीत लागणं वेगळं. मी होड्या रंगवतो म्हणून मला होडी वल्हवता येते असं नाही.

(मामांना होडी वल्हवता येते. पण त्या वेळी बोलून उपयोग नव्हता.)

एवढं झाल्यावर दोघंही दमले. पाऊस उघडला होता. मग मामांनीच अनपेक्षितपणे श्रीकांत ठाकऱ्यांचा विषय पुन्हा काढला, आणि या सगळ्या वादातला मला सर्वांत आवडलेला मुद्दा त्यांचा निघाला. तो त्यांच्या बाजूचा होता की भाचीच्या, हे मला अजून ठरवता येत नाही.

मामा : तू उलटं का नाही बघत? संगीताने त्यांच्या चित्राचं काय केलं हे शोधतेयस. चित्राने त्यांच्या संगीताचं काय केलं ते बघ. रफी आणि पुष्पा पागधरेंचं ते दर्यातल्या तुफानाचं गाणं घे. वंदना विटणकरांचे शब्द. मी या कोळ्यांत वाढलोय, हळदीला बँडवर ते ऐकलंय. गाणारा पंजाबी, चाल दादरच्या माणसाची, तरी आमच्या किनाऱ्याला ते परकं वाटलं नाही. का? कारण त्या चालीत दोन माणसं दिसतात. तो कुठे उभा आहे, ती कुठे, मधे पाणी किती उसळलंय, सगळं पहिल्या ओळीतच चितारून टाकलंय. ठसठशीत, बाह्यरेषेने. मधे करडा रंग नाही. आमच्या लाइन ब्लॉकसारखं!

भाची : मामा, आता तू म्हणतोयस की चालीला बाह्यरेषा असते. बेसूर रेघ काढून दाखव म्हणाला होतास ना मघाशी? मग मला बाह्यरेषा नसलेली चाल गाऊन दाखव.

मामा : मला गाता येत नाही म्हणून वाचलीस.

भाची : पण थांब, तू म्हणतोस त्यात काहीतरी आहे. शोभा गुर्टूंनी त्यांच्या ज्या गझला गायल्या, त्यांत मुखडा असाच एका फटक्यात उभा राहतो. ठुमरी गाणारी बाई, तिला फिरायला हवी तेवढी जागा होती. पण चालीचं तोंड मात्र घट्ट. मी आजवर ते गझलेच्या बांधणीमुळे धरून चालले होते.

मामा : असेलही गझलेमुळे. मी म्हणतोय ते चित्रामुळे, हे कशावरून? मला माहितेय ते व्यंगचित्रकार होते म्हणून मला ते ऐकू येतं. तुला माहितेय ते व्हायोलिन वाजवायचे म्हणून तुला रेघेत गज दिसतो. दोघांचा रोग एकच.

माझंही मत साधारण इथेच येऊन थांबतं. कलावंताबद्दल आपल्याला आधी जे कळलेलं असतं ते आपण त्याच्या कामात शोधतो आणि ते सापडतंच. राज ठाकऱ्यांच्या रेघेत काका दिसतात, कारण आडनाव माहीत आहे. तबला ऐकू येत नाही, कारण तबल्याची बातमी कमी लोकांना आहे. मात्र फायनिंगरच्या छतांबद्दल मामा जे म्हणाले त्याने मी जरा डळमळलो. तिथे नाव झाकलं तरी छतं सरकलेलीच राहतात. संगीताचा ठसा शोधायचाच तर तो कुंचल्याच्या टोकाला शोधण्यापेक्षा मांडणीत आणि क्रमात शोधावा, तिथे सापडण्याची निदान शक्यता आहे. मी हे बोलून दाखवलं. दोघांनी मला 'तू लिहीत बस' असं सांगितलं.

भाची : मग नाव झाकूनच बघू या ना. 'मार्मिक'चे साठच्या दशकातले जुने अंक एखाद्या ग्रंथालयात बांधून ठेवलेले असतील. दोन्ही भावांची चित्रं घ्यायची, सह्या झाकायच्या, आणि मी ओळखायची कुठली संगीतकाराची.

मामा : रेघ बघून ओळखशील. थोरल्यांची रेघ आंधळाही ओळखेल.

भाची : मग रेघच नको. तू बटर पेपरवर नुसती मांडणी उतरवून दे. काळे भाग, माणसं कुठे, मथळा कुठे, डोळा कुठून कुठे जातो तेवढंच. तुझ्याच हाताने, एकाच जाडीच्या रेघेने.

मामा : म्हणजे माझी रेघ येणार त्यात.

भाची : तुझी दोघांतही सारखीच येणार, त्यामुळे चालेल.

मामा : आणि 'रविवारची जत्रा' घ्यायची नाही. दोन पानं गर्दीने भरलेली, तो वेगळा प्रकार, आणि तो थोरल्यांचा हे जगाला ठाऊक आहे.

भाची : नाही घ्यायची. पुढाऱ्यांची अर्कचित्रं पण नकोत. साधी, दोन-तीन माणसांची चित्रं. प्रत्येकी किती?

मामा : वीस. दहात नशिबानेही जिंकशील.

भाची : वीस. आणि तुझ्याकडून पण एक. मी व्हायोलिनवर चाली वाजवणार, शब्दांशिवाय. काही श्रीकांतजींच्या, काही त्याच काळातल्या दुसऱ्या संगीतकारांच्या. व्यंगचित्रकाराची कुठली ते तू ओळखायचंस.

मामा : दर्याचं तुफान वाजवायचं नाहीस, ते मला पाठ आहे. आणि हे सगळं नारळी पौर्णिमेनंतर. अजून सहा होड्या राहिल्यात.